दोन ग्रॅम

संध्याकाळी साडेचारला ऑफेलिया तारांगो
काचेच्या नळकांड्यात शंभर मिलिलिटर पाणी घेते
आणि दोन ग्रॅम पांढरी भुकटी
चिमटीचिमटीनं वरून सोडत राहते.
घाई केली तर गुठळी होते,
वरून भिजते, आत कोरडी राहते.
नव्या पोरांना ती हे एकदाच सांगते.
एक चिमूट बुडाली की दुसरी.
बाहेर मोहावीचं वाळवंट, लाव्ह्यानं काळी पडलेली टेकडी,
लांबलचक मालगाडी,
आणि गाडीच्या हादऱ्यानं पाण्यावर उठलेली
एकच गोल सुरकुती.

इथं तळं होतं म्हटलं तर पाहुणे हसतात.
तळ्यात ज्वालामुखीची राख पडली,
जमिनीच्या भेगेतून कढत पाणी वर आलं,
येताना लिथियम घेऊन आलं, थोडंसंच,
आमटीत हिंग असावा तेवढं.
मग तळं गेलं.
राखेची झाली हेक्टोराइट,
जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी,
हाताला साबणासारखी लागणारी माती.
आत पदरावर पदर, कोरडे, घट्ट मिटलेले.
पाणी दिसलं की पदर पसरते
आणि ओटीत मावणार नाही इतकं घेते,
तरी सांडत नाही.

बरणीत नुसती ठेवली तर खरवसासारखी थिजते,
हलवली की वाहते,
पुन्हा ठेवली की पुन्हा थिजते.
माहितीपत्रकात याला थिक्सोट्रॉपी म्हटलंय.
रोसेंडो, तिचा धाकटा भाऊ, खाणीत लोडर चालवायचा तेव्हा म्हणायचा,
आपली आईच की ही.

गिऱ्हाइकं लांबची.
कुणाला रंगाच्या डब्यात तळाशी साका नको असतो,
कुणाला क्रीम बोटावर घसरायला हवं, गालावर थांबायला हवं.
तेलाच्या विहिरीत गिरमिट थांबलं
की चिखलानं दगडाचा चुरा
आहे तिथं अधांतरी धरून ठेवायचा असतो,
कुणी येऊन पुन्हा फिरवेपर्यंत.
(हे वाक्य ऑफेलियानं एकदा फोनवर सांगितलं
आणि नंतर बराच वेळ फोन हातातच होता.)

आज मंगळवार. बार्स्टोच्या वृद्धाश्रमात
आईची नखं रंगवायचा दिवस.
लाल रंग, त्यात सोनेरी कण.
बाटली तीन महिने खिडकीत उभी आहे,
एक कण खाली बसलेला नाही.
का बसत नाही, हे या इमारतीत फक्त ऑफेलियाला माहीत आहे,
आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाला.

सहा वर्षं.
त्याच्या चढत्या दिवसांत त्यानं बापाचा ट्रक विकला,
पैसे तीन रात्रींत उडवले,
तेव्हापासून आई त्याच्याशी बोललेली नाही.
आता तो रोज गोळ्या घेतो, त्याच लिथियमच्या.
डोकं जागेवर आहे. हात थरथरतात.

उजवा हात रंगवून झालेला.
आई खिडकीबाहेर बघत म्हणते,
हिला घरी जायचंय, दमलीये.
आणि डावा हात ब्लँकेटवर ठेवते, पालथा,
दाराच्या बाजूला.

तो बाटली हलवतो. हलवावी लागत नाही,
हातच हलवतो.
ब्रश नखावर कमी, कातडीवर जास्त.
अंगठा बरा जमतो. करंगळीला तर
पार दुसऱ्या पेरापर्यंत लाल.
पण ओघळ येत नाही,
जिथं लागलाय तिथं रंग थांबतो.
आई म्हणते, ट्रकचा हॉर्न नीट वाजत नव्हताच.
यावर काय बोलायचं ते दोघांनाही कळत नाही.

बुधवारी साडेचारला ऑफेलिया नळकांड्यापुढं वाकते.
वर पाणी, खाली फुगून आलेला धूसर थर,
दोन्हींमधली रेघ शोधायला डोळा बारीक करावा लागतो.
बत्तीस. ती वहीत लिहिते.
आकड्याशेजारी अंगठ्याचा लाल डाग उमटतो,
वाळला आहे असं वाटलं होतं.